लॅपटॉपला हेडफोन लावला, ऐकू येतंय, पण आपला आवाज कुठे जातोय?

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, गिरगावातल्या आमच्या दीड खोलीत. सगळ्यांना दम दिलेला की अर्धा तास कोणी तोंड उघडायचं नाही, टीव्ही बंद, पंखा एकवर, आणि बाईसाहेब कानात नवाकोरा हेडसेट घालून खिडकीशी बसलेल्या. समोरच्या मॅडमचा आवाज तिला एकदम खणखणीत येत होता. मॅडम मात्र सारख्या म्हणत होत्या की तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू येतायत, तुम्ही जरा जवळ येऊन बोला. अजून किती जवळ येणार, माइक ओठांपाशी होता तिच्या!

झालं होतं असं की हेडसेटचा माइक चालूच नव्हता. लॅपटॉप स्वतःच्या स्क्रीनवरच्या बारक्या माइकमधून ऐकत होता, आणि त्या माइकला शेजारच्या काकूंचा कुकर आणि आमची भाची दोन्ही सारखेच. तिला वाटलं हेडसेट खराब, म्हणून दुसरा आणला दोन हजारांचा, आणि त्याचंही तेच. मग लॅपटॉप माझ्यासमोर आला. तेव्हापासून नात्यात आणि चाळीत हा विषय माझ्याच गळ्यात पडलाय, त्यामुळे एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात फिट करा, हेडफोन म्हणजे फक्त कान, हेडसेट म्हणजे कान आणि तोंड दोन्ही. आपल्याला ऐकू येतंय याचा अर्थ आपलं बोलणंही त्याच वायरीतून जातंय असा अजिबात नसतो. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि बहुतेक वेळा घोळ तोंडाच्या रस्त्यात असतो, पण आपण तपासत बसतो कान.

आधी पिन हातात घ्या आणि काळ्या रेघा मोजा

वायरवाला हेडसेट असेल तर त्याची ३.५ मिलिमीटरची पिन नीट उजेडात धरा. धातूवर काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या बारीक रेघा दिसतील. दोन रेघा म्हणजे तीन भाग, डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड (परतीची सामाईक तार), विषय संपला, यात माइक नाहीच. तीन रेघा म्हणजे चार भाग, यात चौथा माइकचा. मोबाइलसोबत मिळायचे ते माइकवाले इअरफोन बघा, सगळे तीन रेघांचे.

आता लॅपटॉपचं होल बघा. एकच होल असेल आणि बाजूला हेडफोनच्या चित्राला छोटा माइक चिकटलेला असेल तर ते कॉम्बो, म्हणजे तीन रेघांची पिन सरळ चालणार. चित्रात नुसता हेडफोन असेल तर बहुधा तिथून आवाज फक्त बाहेर येतो, आत काही जात नाही, तुम्ही पाच हजारांचा हेडसेट लावा नाहीतर पन्नासचा. आणि दोन वेगवेगळी होलं असतील, एकावर हेडफोन, एकावर माइक, तर लॅपटॉप जुन्या पद्धतीचा आहे. भाचीचा तसलाच होता, कोणीतरी ऑफिस सोडताना विकलेला सेकंडहँड, भक्कम एकदम, पण होलं दोन. तिने तीन रेघांची पिन हेडफोनच्या होलात घातली, त्यामुळे कान जोडला गेला आणि तोंड हवेत राहिलं.

यावर उपाय म्हणजे वाय आकाराचा छोटा जोड, आणि इथे लोक हमखास फसतात कारण दिसायला एकसारखे तीन प्रकार मिळतात. एक, ज्यात हेडसेटची एक पिन आत जाते आणि पलीकडे दोन पिना निघतात, एक हेडफोनची, एक माइकची, हा दोन होलांच्या जुन्या लॅपटॉपसाठी. दुसरा बरोबर उलटा, म्हणजे गेमिंगच्या किंवा जुन्या कॉल सेंटर टाइप हेडसेटला दोन पिना असतात हिरवी-गुलाबी, त्या दोन्ही आत घालायच्या आणि पलीकडे तीन रेघांची एकच पिन, ती नव्या लॅपटॉपच्या कॉम्बोत. तिसरा म्हणजे दोघांनी मिळून एकाच मोबाइलवर पिक्चर बघायचा तो स्प्लिटर, त्यात माइकचा संबंधच नाही, आणि दुकानदार घाईत असला की हाच हातात ठेवतो. त्यामुळे नुसतं 'स्प्लिटर द्या' म्हणू नका, हेडसेट आणि लॅपटॉपच्या होलांचा फोटो घेऊन जा, फोटो दाखवला की भाषण द्यावं लागत नाही.

मी लॅमिंग्टन रोडला जातो, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण ते विचारलंत तर तिथला दुकानदारच दोन सेकंद विचारात पडेल. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवार गाठा. मला दीडशेला मिळाला तो जोड, आणि महत्त्वाचं म्हणजे दुकानातच लावून बघता येतो. स्टेशनबाहेरच्या टपरीवर स्वस्त मिळेल, पण दुसऱ्या दिवशी तो माणूस तिथेच असेल याची खात्री नाही.

एक विचित्र केस सांगतो, कारण यात माणूस खरंच वेडा होतो. हेडसेट लावलाय, गाणं सुरू आहे, ढोलकी ऐकू येतेय, पेटी ऐकू येतेय, पण गाणारी बाईच गायब, किंवा लांब कुठेतरी बोगद्यात गेल्यासारखी. हा भुताटकीचा प्रकार नाही. ग्राउंडचा संपर्क तुटला की दोन्ही कानांना डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा रेकॉर्ड केलेला असतो त्यामुळे तो वजा होऊन जातो. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पिन पूर्ण आत गेलेली नाही, लॅपटॉपला प्लास्टिकचं कव्हर घातलंय आणि ते आडवं येतंय. टक असा आवाज येईपर्यंत दाबा. तरीही तसंच असेल तर हेडसेटच जुन्या वायरिंगचा असू शकतो. तीन रेघांच्या पिनमध्ये दोन पद्धती होत्या, सीटीआयए आणि ओएमटीपी, दोन्हीत माइक आणि ग्राउंडच्या जागा एकमेकांच्या उलट्या. हल्लीचे लॅपटॉप आणि मोबाइल जवळजवळ सगळे सीटीआयए. ओएमटीपीवाला ओळखायची खूण म्हणजे वायरीवरचं बटण दाबून धरलं की गाणारी बाई अचानक परत येते, आणि सोडलं की परत गुल.

मोबाइलला लावून बघा, आणि मग नखाने टकटक करा

पैसे खर्च करायच्या आधी दोन फुकटच्या टेस्ट. हेडसेट मोबाइलला लावा आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. मोबाइलला होल नसेल तर घरात कोणाकडे तरी जुना फोन असतोच, कपाटात, चार्जरसकट. मोबाइलवर नीट चाललं तर हेडसेट निर्दोष, लॅपटॉपकडे वळा. तिथेही बोंब असेल तर मग हेडसेटवर संशय.

दुसरी टेस्ट लॅपटॉपवर. विंडोजमध्ये साउंड रेकॉर्डर नावाचं ॲप असतं, ते सुरू करा, रेकॉर्डिंग लावा, आणि हेडसेटच्या माइकवर नखाने हळूच तीनदा टकटक करा, मग लॅपटॉपच्या स्क्रीनच्या वरच्या कडेवर तीनदा. आता ऐका. ज्या टकटकीचा धाडधाड आवाज आलाय तो माइक चालू आहे. इतकी सोपी टेस्ट आहे पण कोणी करत नाही, लोक नुसतं 'हॅलो हॅलो, येतोय का आवाज' करत बसतात, आणि समोरचा म्हणतो येतोय, कारण येतच असतो, फक्त दुसऱ्याच माइकमधून.

होल साफ करा, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये

हा भाग छोटा आहे पण मुंबईत राहायचं तर सोडू नका. होलाच्या आत बारीक स्प्रिंगपट्ट्या असतात, पिन आत गेली की नाही हे त्यातूनच लॅपटॉपला कळतं. बॅगेतला कचरा, कापसाचे तंतू आणि पावसाळ्याची दमट हवा मिळून तिथे थर बसतो. मग एका कानात आवाज, पिन फिरवली की खरखर, किंवा पिन काढली तरी लॅपटॉपला वाटतंय हेडफोन लावलेलाच आहे आणि स्पीकर मुके. लॅपटॉप पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने तंतू हळू बाहेर काढा, सुई किंवा सेफ्टी पिन बिलकुल घालू नका. पिनवर काळपट थर असेल तर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, ते केमिस्टकडे मिळतं. मग पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. निम्म्या केसेस इथेच मिटतात. एकाच कानात आवाज ही तक्रार मात्र साफ करूनही राहिली तर बहुधा पिनेजवळ वायर आतून तुटलेली असते, ती चिकटपट्टीने जगवण्यापेक्षा बदललेली बरी.

विंडोजला सांगा की नक्की कुठून ऐकायचं

पिन घातल्यावर बऱ्याच लॅपटॉपवर रिअलटेकची (ही साउंड चिप बनवणारी कंपनी) एक छोटी खिडकी उघडते की तुम्ही काय लावलंत, हेडफोन, हेडसेट, की माइक. आपण काय करतो, घाईत तिला बंद करतो. ती विचारते कारण लॅपटॉपला स्वतःहून नेहमीच ओळखता येत नाही. तिथे हेडसेट निवडायचं. चुकून हेडफोन निवडलं असेल तर पिन काढून परत घाला, परत विचारेल. विचारलंच नाही तर स्टार्टमध्ये रिअलटेक ऑडिओ कन्सोल शोधा, तिथे परत विचारायची सेटिंग असते.

मग सेटिंग्ज, सिस्टम, साउंड. वरती आउटपुट, खाली इनपुट. दोन्ही वेगवेगळे निवडायचे असतात, आउटपुट बदललं म्हणजे इनपुट आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका. विंडोज ११ मध्ये इनपुटच्या नावावर क्लिक केलं की आत टेस्ट करायचं बटण आहे, नेहमीच्या आवाजात एक-दोन वाक्यं बोला, किती टक्के आवाज आला ते सांगतं. अगदी शंभरला टेकत असेल तर कमी करा, आवाज फाटतो.

इनपुटमध्ये हेडसेटचा माइक दिसतोय, निवडलाय, तरी आवाज दाखवणारी पट्टी हलतच नाही? मग क्रमाने बघा. हेडसेटच्या वायरीवर म्यूटचा बारका खटका आहे का, त्याने माइक बंद झालाय का. कीबोर्डवर वरच्या रांगेत माइकवर फुली असलेलं बटण आणि त्यात लाल-पिवळा दिवा पेटलाय का. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत माइक्रोफोन, तिथे ॲप्सना परवानगी, आणि खाली डेस्कटॉप ॲप्सची वेगळी परवानगी असते तीही चालू हवी. ब्राउझरमधून मीटिंग करत असाल तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून तिथली परवानगी बघा, कारण कधीतरी पहिल्यांदा चुकून नको म्हटलेलं असतं आणि ब्राउझर ते जन्मभर लक्षात ठेवतो, सासूसारखं.

आणि हे सगळं बरोबर असूनही झूम, मीट, टीम्स हे आपापली वेगळी निवड धरून बसतात. म्हणजे विंडोजमध्ये हेडसेट, पण झूममध्ये लॅपटॉपचाच माइक. मीटिंगमध्ये शिरल्यावर माइकच्या चिन्हाशेजारच्या बारक्या बाणावर क्लिक करा, यादी दिसेल, तिथे हेडसेट निवडा. दुसऱ्या इंटरव्ह्यूच्या वेळी भाचीने जोड लावून इथेच चूक केली असती, मी शेजारी होतो म्हणून वाचली.

अजून एक चमत्कारिक सेटिंग. कॉल आला की बाकीचे सगळे आवाज अचानक बारीक होतात, असं होत असेल तर साउंडच्या पानावर अगदी खाली मोर साउंड सेटिंग्ज आहे, त्यात जुनी खिडकी उघडते, कम्युनिकेशन्सच्या टॅबवर जा. तिथे विंडोजने मूळचंच ठरवलेलं असतं की कॉल सुरू झाला की बाकी आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा. डू नथिंग करून टाका. त्याच खिडकीत माइकच्या लेव्हल्समध्ये माइक बूस्ट दिसेल, तो थोडा वाढवला तर आवाज वाढतो पण सोबत सूं सूं पण वाढते, तेव्हा आधी माइक तोंडाजवळ आणा, मग बूस्टला हात लावा. अगदी ओठांसमोरही नको, नाहीतर 'प' आणि 'फ' म्हटलं की समोरच्याच्या कानात फटाका. ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, दोन बोटं अंतर.

ड्रायव्हर, म्हणजे साउंड चिप कशी चालवायची हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर, टाकायची वेळ आली तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं नकोत, ती एक दुखणं बरं करून चार देतात.

गाणं शिकवणाऱ्यांसाठी खास

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताई ऑनलाइन गाणं शिकवतात, त्यांची तक्रार होती की मुलांना तंबोरा ऐकूच जात नाही, पहिले दोन-तीन सेकंद येतो आणि मग विरघळतो. त्यांनी माइक बदलला, इंटरनेट बदललं, तंबोऱ्याचं ॲपसुद्धा बदललं. कारण निघालं झूमचं नॉइज सप्रेशन. त्याचं कामच ते, सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा, एसी, मिक्सर, तो ओळखून कापायचा, आणि तंबोरा म्हणजे त्याच्या दृष्टीने अतिशय सुरेल पंखा. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स आहे, ते चालू करायचं आणि मीटिंगमध्ये वरच्या कोपऱ्यात तेच बटण दाबायचं. मग मात्र हेडफोन लावलाच पाहिजे, कारण ही सोय लावताना इको काढणं बंद केलं असेल तर स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिकणाऱ्याला स्वतःचाच सा दोनदा ऐकू येतो. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पाच मिनिटं माझ्याकडे नुसत्या बघत होत्या, मग चहा मिळाला.

उलट बाजूने, ज्यांना नुसतं बोलायचंय त्यांनी हे सप्रेशन जरूर चालू ठेवा. आपल्या घरांत त्याशिवाय भागत नाही.

चार्जर लावला की घूंऽऽ

हेडफोनमध्ये बारीक घूं घूं येतेय का? चार्जर काढा. गेली? मग आवाज चार्जरच्या वाटेने येतोय. खूप ठिकाणी जुन्या वायरिंगमध्ये प्लगला तीन भोकं असतात पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसते. लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं ना, तेही त्यातलंच. वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसायचा उद्योग तर आधी बंद करा, आवाजासाठी नाही, जिवासाठी. तोपर्यंत इंटरव्ह्यू वगैरे बॅटरीवर द्या. चार्जर काढूनही बारीक शूं येतच असेल तर ती लॅपटॉपच्या आतल्या साउंड चिपची, तिच्यावर इलाज पुढे सांगतो.

ब्लूटूथ: ऐकायला राजा, बोलायला रंक

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. 'गाणी एकदम भारी वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो, हेडफोन बिघडला का?' नाही बिघडला. ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या गाड्या आहेत. एक ए२डीपी, तिच्यात चांगला स्टीरिओ आवाज येतो पण ती एकाच दिशेने धावते, लॅपटॉपकडून कानाकडे. दुसरी हँड्स-फ्री, ती दोन्ही दिशांनी धावते पण डबे कमी, मोनो आवाज, आणि तोही सहसा सेकंदाला आवाजाच्या ८ हजार किंवा १६ हजार नमुन्यांचा. तुलनेसाठी, साध्या सीडीत ४४,१०० असतात. ज्या क्षणी कुठलंही ॲप हेडफोनचा माइक उघडतं त्या क्षणी सगळं पहिल्या गाडीतून उतरून दुसरीत चढतं. विरार फास्ट सोडून स्लोमध्ये बसल्यासारखं.

काही विंडोज लॅपटॉपवर यामुळे एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टीरिओ, एक हँड्स-फ्री. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये एकच नाव दिसतं आणि अदलाबदल मागच्या मागे होते, त्यामुळे आपल्याला कळतही नाही काय झालं.

तोडगा सोपा आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून ब्लूटूथ हेडफोन ठेवा, आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा किंवा एखादा वायरवाला. मग हेडफोनचा माइक उघडतच नाही आणि आवाज स्टीरिओच राहतो. खोली शांत असेल तर हे झकास चालतं. खोली शांत नसेल, म्हणजे तुम्ही मुंबईत असाल, तर महत्त्वाच्या कॉलला सरळ वायर लावा, मी तरी तेच करतो.

एलई ऑडिओ नावाचं नवीन ब्लूटूथ आलंय, एलसी३ कोडेकवालं (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत), त्यात बोलतानाही आवाज चांगला राहतो. विंडोज ११ त्याला सपोर्ट करतं, पण लॅपटॉपचं हार्डवेअर, ड्रायव्हर आणि हेडफोन तिघांनाही ते यायला लागतं. एकाला येत नसेल तर गाडी जुन्याच रुळावर. आणि खोक्यावर एलडॅक (असाच एक कोडेक) लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजत असाल तर थांबा, विंडोजमध्ये एलडॅक मुळात येतच नाही, ते तुमच्या अँड्रॉइडवर चालेल, विंडोज लॅपटॉपवर नाही.

तुटक तुटक आवाज येत असेल तर ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि चाळीत किंवा टॉवरमध्ये आजूबाजूचे वीस राउटर त्याच गल्लीत गर्दी करून असतात. आपला लॅपटॉप वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर न्या, बऱ्यापैकी फरक पडतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला खेटून असेल तर ती लांब सरकवा, तिचा गोंगाटही त्याच पट्ट्यात असतो. हेडफोन त्याच वेळी मोबाइललाही जोडलेला आहे का तेही बघा, व्हॉट्सॲपवर रील आली की तिकडे उडी मारतो. आणि पेटी-कीबोर्ड वाजवणारे, गेम खेळणारे यांनी ब्लूटूथचा नाद सोडा, आवाज साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो, पट्टी दाबली आता आणि सूर आला नंतर.

सगळ्या कटकटीवर उतारा: यूएसबी

लॅपटॉपचं होल मेलंय, शूं येतेय, जोड सापडत नाही, काहीही असो, यूएसबीचा हेडसेट किंवा यूएसबीचं छोटं डोंगल घ्या. त्याच्यात स्वतःची साउंड चिप असते, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या चिपला पूर्ण बगल. लावलं की विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही ओळखतात, बहुतेकदा ड्रायव्हरही लागत नाही. फक्त नंतर साउंडमध्ये जाऊन इनपुट-आउटपुट दोन्ही त्याच्यावर आणायला विसरू नका. ॲपलचं टाइप-सी ते ३.५ मिलिमीटरचं एवढुसं डोंगल आहे ना, ते साध्या विंडोज लॅपटॉपलाही चालतं आणि आवाज त्याच्या आकाराच्या मानाने फारच स्वच्छ. मात्र दिसायला तसेच काही स्वस्त जोड मिळतात ज्यांत चिपच नसते, नुसत्या तारा, ते ठरावीक मोबाइलवरच चालतात, लॅपटॉपवर सहसा गप्प. विकत घेताना 'यात डॅक (म्हणजे ती साउंड चिप) आहे का आणि माइक चालतो का' हे दोन प्रश्न विचारा.

ज्यांच्याकडे स्टुडिओवाले मोठे हेडफोन आहेत त्यांच्यासाठी, खोक्यावर ओम (म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध) बघा. १६ किंवा ३२ ओमचे लॅपटॉपवर आरामात वाजतात. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओमचे असतील तर साध्या लॅपटॉपवर आवाज मरगळलेला येतो, त्यांना वेगळा अँप्लिफायर लागतो. २०२१ पासूनचे १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो याला अपवाद, त्यांचं होल हेडफोनचा ओम बघून जोर वाढवतं.

मॅक आणि लिनक्सवाले

मॅकवर फार काही नाही, सिस्टम सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे इनपुट-आउटपुट, आणि प्रायव्हसीत माइकची परवानगी.

लिनक्सवाल्यांना थोडा व्यायाम आहे. उबुंटू २२.१० पासून पाइपवायर (आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) मूळचंच येतं आणि ब्लूटूथचं गाडं बरंच रुळावर आलंय, एलडॅकसुद्धा चालतं. वायरवाल्या हेडसेटचा माइक दिसत नसेल तर पावूकंट्रोल नावाचं आवाजाच्या सेटिंगचं ॲप टाका, इनपुट डिव्हाइसेसमध्ये पोर्ट बदलून हेडसेट माइक्रोफोन करा. तिथे नसेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर, एफ६ दाबून कार्ड निवडा, काही म्यूट असेल तर त्याखाली दोन एम दिसतात, एमचं बटण दाबलं की उठतं. ऑटो म्यूटही तिथेच आहे. तरीही नाही, तर लॅपटॉपच्या बायोसने (लॅपटॉप सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम) बहुधा होलाची माहिती चुकीची दिलेली असते, त्यासाठी एचडीए जॅक रीटास्क नावाचं टूल आहे, त्यात त्या पिनला हेडसेट माइक म्हणून सांगायचं, आधी नुसतं लावून बघायचं आणि चाललं तरच बूटवर पक्कं करायचं. हे करायचा कंटाळा आला तर वरचं यूएसबी डोंगल, मी एका जुन्या लॅपटॉपवर दोन रात्री घालवून शेवटी तेच केलं.

आवाज किती ठेवायचा

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५. घरात बसून मोजता येत नाही हे मान्य, पण लोकलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन पिक्चर बघताना गाडीच्या खडखडाटावर मात करायला जो आवाज वाढवतो आपण, तो दादरला उतरून घरी आल्यावर परत लावून बघा, दचकाल. कान बंद करणारे रबरी टोकाचे इअरफोन घेतले तर आवाज मुळात इतका वाढवायलाच लागत नाही.

भाचीचा दुसरा इंटरव्ह्यू त्याच जुन्या लॅपटॉपवर झाला, पहिल्याच हेडसेटवर आणि दीडशेच्या जोडावर, बसायच्या आधी नखाने टकटक करून. दोन हजारांचा तो दुसरा हेडसेट आता माझ्या आईकडे आहे, ती दुपारी कीर्तन ऐकते त्याच्यावर. शेजारच्या काकूंना मात्र अकरा ते साडेअकरा कुकर लावू नका म्हणून सांगून ठेवलंच होतं, कारण माइक कितीही बरोबर लावला तरी भिंत चाळीची आहे.